घडत राहणारे हाड



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ गावाने वर्षानुवर्षे व्याख्यानमाला चालवावी, आणि ऐन लग्नसराईतही सभागृह असे भरावे, याचा मला मनापासून आनंद आहे. मी शरीररचनाशास्त्राचा शिक्षक. वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने आलेल्या मुलामुलींच्या हातात पहिल्यांदा हाड द्यायचे, हे काम मी आयुष्यभर केले. आज तुमच्याशीही हाडांबद्दलच बोलणार आहे.

हाड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? सापळा येतो. स्मशान येते. अस्थिकलश येतो. माणूस गेल्यावर मागे उरते ते हाड, अशी आपली समजूत असते. ती मला आज थोडी हलवायची आहे. तुम्ही इथे बसला आहात, माझे बोलणे ऐकत आहात, आणि याच घटकेला तुमच्या मणक्यांत, कमरेत, मांडीत लाखो ठिकाणी जुने हाड पोखरले जात आहे आणि त्याच जागी नवे भरले जात आहे. मोठ्या माणसाच्या सापळ्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा नव्याने बांधला जातो. हाड आयुष्यभर घडत असते. आणि ते कसे घडेल हे आपण काय खातो, किती चालतो, उन्हात जातो की नाही, घरातल्या मुलीला मैदानावर पाठवतो की नाही, यावर पुष्कळसे ठरते.

सुरुवात मोजणीपासून करू. शरीरात हाडे किती? शाळेतले उत्तर २०६. ते बरोबर आहे, पण मोठ्या माणसापुरते. नुकत्याच जन्मलेल्या बाळात ती पावणेतीनशेच्या आसपास भरतात. मग उरलेली कुठे जातात? कुठेही जात नाहीत, एकमेकांना जुळतात. माकडहाडाच्या वरचे त्रिकास्थी पाच मण्यांचे बनते, कमरेचे एकेक हाड तिघांचे मिळून होते. चरकसंहितेत हाडांची संख्या ३६० दिली आहे, सुश्रुतसंहितेत ३००. आजच्या आकड्याशी ते जुळत नाहीत म्हणून हसण्याचे कारण नाही. चरकाने दात, दातांच्या खोबणी आणि नखेसुद्धा हाडांत धरली आहेत. सुश्रुताने हाडांचे पाच प्रकार सांगितले: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. त्यातले रुचक म्हणजे दात, आणि तरुण म्हणजे नाक-कानातली कूर्चा. प्रेत पिंजऱ्यात ठेवून संथ वाहत्या पाण्यात सात रात्री बुडवून ठेवावे, मग वाळ्याच्या किंवा केसांच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी पाहावा, हे सुश्रुताने लिहून ठेवले आहे. शरीर शिकायचे तर ते डोळ्यांनी पाहिले पाहिजे, हा आग्रह मला त्या आकड्यापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

आता हाड कशाचे बनते ते थोडक्यात. वजनाच्या हिशेबाने दोनतृतीयांशाच्या आसपास क्षार, त्यातही मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट. उरलेल्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे आणि पाणी. कुणाचे काय काम? याचा उलगडा आमच्याकडे पहिल्या वर्षाला एका साध्या प्रयोगाने होतो. एक बरगडी सौम्य ॲसिडमध्ये काही दिवस ठेवतात. क्षार विरघळून जातात, धागे राहतात. बरगडीचा आकार तोच, पण आता तिला चक्क गाठ मारता येते. दुसरी बरगडी भट्टीत तापवतात. धागे जळून जातात, क्षार राहतात. तिचाही आकार तोच, पण बोटांत दाबली की चुरा होतो. कडकपणा क्षारांचा, चिवटपणा धाग्यांचा. म्हणून नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी हाड होत नाही, ताटात प्रथिनेही लागतात. आपल्याकडे याचा विसर फार पडतो.

आता पहिला मोठा मुद्दा: हाड तयार कसे होते?

त्याच्या दोन वाटा आहेत. कवटीचा घुमट आणि चेहऱ्याची बरीच हाडे पातळ पडद्यात थेट तयार होतात. पडद्यात जागोजागी हाड घडवणाऱ्या पेशी जमतात, धागे विणतात, त्यांवर क्षार बसतात, आणि तिथून हाड चहूबाजूंना पसरत जाते. हातापायांची लांब हाडे दुसऱ्या वाटेने जातात. आईच्या पोटात आधी त्यांचा संपूर्ण नमुना कूर्चेचा बनतो. गर्भ आठ आठवड्यांचा झाला की त्या नमुन्याच्या मध्यावर रक्तवाहिनी आत शिरते आणि कूर्चेच्या जागी हाड येऊ लागते. हाडाआधी रक्त येते, हे लक्षात ठेवा. जिथे रक्त पोचत नाही तिथे हाड होत नाही, आणि जिथले रक्त तुटते तिथले हाड मरते.

बाळाच्या डोक्यावर हात ठेवला की समोर मऊ जागा लागते. आपण तिला टाळू म्हणतो. न्हाऊ-माखू घालताना तिच्यावर तेल घालायचे, ‘टाळू भरायची’, ही आपली जुनी रीत. ती मायेने केली जाते, त्यात वाईट काही नाही. पण टाळू तेलाने भरत नाही. तिथे चार हाडांचे कोपरे अजून एकमेकांना भेटलेले नसतात, एवढेच. ती उघडी असते म्हणून जन्माच्या वेळी कवटीची हाडे एकमेकांवर किंचित सरकतात आणि डोके बाहेर येते. ती उघडी असते म्हणून पहिल्या दीड-दोन वर्षांत झपाट्याने वाढणाऱ्या मेंदूला जागा मिळते. बहुतेक बाळांत ती दीड-दोन वर्षांपर्यंत आपोआप बंद होते. माझे सांगणे एवढेच की ती दाबून, चोळून लवकर भरायचा प्रयत्न करू नका. ती उघडी असते ती बाळाच्या भल्यासाठीच.

कवटीचा विषय निघालाच आहे, तर एक आठवण सांगितलीच पाहिजे. इरावती कर्वे आपल्याला ‘युगान्त’मुळे ठाऊक आहेत. पण त्या जर्मनीत गेल्या होत्या त्या कवट्या मोजायला. बर्लिनमध्ये त्यांनी माणसाच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू सारखी का नसते, यावर प्रबंध लिहिला. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशावरून माणसांची उच्चनीचता ठरवणाऱ्यांत त्यांचे नाव मोठे होते. कवटीच्या या असमानतेचा वंशाशी संबंध निघावा, अशी तिथली अपेक्षा. इरावतीबाईंनी मोजमापे घेतली आणि असा संबंध दिसत नाही, असे लिहिले. साधारण १९३० चे बर्लिन, समोर असा मार्गदर्शक, आणि दूर देशातून आलेली एक विद्यार्थिनी. हाडाने जे सांगितले तेच तिने लिहिले. महाराष्ट्राला ही गोष्ट ‘युगान्त’इतकीच ठाऊक असायला हवी, असे मला वाटते.

आणखी एका हाडाकडे तुमचे लक्ष वेधतो. आपापल्या गळ्याखाली बोट ठेवा. मधल्या खळगीपासून खांद्याकडे जाणारे आडवे हाड लागेल. गर्भ सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा असतो तेव्हा, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, अख्ख्या शरीरात सर्वांत आधी हाड होऊ लागते ते इथे. आणि याच हाडाचे छातीकडचे टोक सर्वांत शेवटी जुळते, पंचविशीच्या पुढेमागे, काहींत तर तिशीच्या जवळ. ज्या मुलाला आपण कर्ता झाला म्हणतो, ज्याचे लग्न लावून देतो, त्याच्या गळ्याखालच्या हाडाचे काम अजून चालूच असते.

आता दुसरा मुद्दा, आणि माझा सर्वांत आवडता. हाड वाढते कसे?

वरवर पाहता उत्तर सोपे वाटते. मूल वाढते तसे हाडही सगळीकडून ताणले जात असेल, नाही का? इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स नावाचे एक धर्मोपदेशक होते. झाडांच्या वाढीवर त्यांनी पुष्कळ प्रयोग केले. १७२७ च्या त्यांच्या ग्रंथात एक छोटीशी नोंद आहे. अर्धवट वाढलेल्या कोंबडीच्या पिल्लाच्या पायाच्या हाडाला त्यांनी मध्यभागी अर्ध्या इंचाच्या अंतराने दोन बारीक भोके पाडली. दोन महिन्यांनी पाहिले. हाड इंचभर वाढले होते, आणि भोकांमधले अंतर? तेवढेच. म्हणजे हाड मध्ये ताणले जात नाही, ते टोकांशी वाढते. दोन भोकांत केवढा मोठा प्रश्न सुटला!

पुढची गोष्ट आपल्या ओळखीच्या एका मुळीची आहे. आजीच्या बटव्यातली मंजिष्ठ तुम्हाला माहीत आहे. तिची युरोपातली बहीण तिकडे कापड लाल रंगवायला वापरत. १७३६ साली लंडनमध्ये जॉन बेल्शियर नावाचे शस्त्रवैद्य कापडावर छपाई करणाऱ्या एका गृहस्थाकडे जेवायला गेले. ताटात डुकराचे मांस होते आणि त्यातली हाडे लालभडक. चौकशी केली तेव्हा कळले, की मंजिष्ठेत रंगवलेली कापडे ज्या कोंड्याबरोबर उकळत, तो कोंडा मागाहून डुकरांना घालत. बेल्शियर घरी गेले आणि त्यांनी एका कोंबड्याला मंजिष्ठ खाऊ घातली. त्याचीही हाडे लाल झाली.

आता पुढे काय झाले बघा. फ्रान्समध्ये दुआमेल नावाच्या शास्त्रज्ञांनी जनावरांना काही दिवस मंजिष्ठ, मग काही दिवस साधे खाद्य, मग पुन्हा मंजिष्ठ, असे आलटून पालटून दिले. हाड कापले तर लाल थर, पांढरा थर, पुन्हा लाल. मंजिष्ठेचा रंग, हाड ज्या दिवसांत नव्याने घडत असते त्याच दिवसांच्या थरात बसतो. हाडाने आपली रोजनिशी स्वतःच लिहून दाखवली! दुआमेल यांनी आणखी एक केले. वाढत्या जनावराच्या हाडाभोवती चांदीच्या तारेचे कडे घातले. काही काळाने ते कडे सापडले हाडाच्या आत, मज्जेच्या पोकळीत. कडे तिथे गेले कसे? ते जागेवरून हललेच नव्हते. हाड बाहेरून थर चढवत गेले आणि आतून पोखरले जात राहिले. पुढे लंडनच्या जॉन हंटर यांनी हे पोखरणे आणि भरणे दोन्ही बरोबरच चालते, हे नीट मांडले. मंजिष्ठेतले तेच रंगद्रव्य, ॲलिझरिन, आजही प्रयोगशाळेत वापरात आहे. छोट्या गर्भावर ते टाकले की हाड झालेला भाग लाल होतो; दुसऱ्या एका रंगाने कूर्चा निळी होते. इवल्याशा बोटांच्या निळ्या नमुन्यांत मधोमध लाल ठिपका उमटलेला दिसतो, तेव्हा वर्गातली सगळ्यांत गडबडी मुलेसुद्धा गप्प होतात.

टोकांशी वाढ होते म्हणजे नेमके काय होते? वाढत्या हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. तिला आपण वाढीची पट्टी म्हणू. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात पेशी एकावर एक रचलेल्या दिसतात, थेट नाण्यांच्या चळतींसारख्या. टोकाच्या बाजूला पेशी विभागत राहतात, चळतीत नवी नाणी पडत राहतात. दुसऱ्या बाजूच्या पेशी फुगतात, दहापटीच्या घरात. मूल उंच होते ते मुख्यतः या फुगण्याने. मग त्या फुगलेल्या पेशींभोवती क्षार जमतात, रक्तवाहिन्या पोचतात, आणि कूर्चेची जागा हाड घेते. पायाची दोनतृतीयांश वाढ गुडघ्याच्या वर आणि खाली असलेल्या दोन पट्ट्यांत होते. म्हणून वाढत्या मुलाचा गुडघा दुखावला, तिथे हाड मोडले, तर ‘मुरगळला असेल, होईल बरा’ म्हणून अंगावर काढू नका. हाडवैद्याच्या हातगुणाविषयी मला आदर आहे. पण पट्टीला इजा झाली असेल तर पाय वाकडा किंवा आखूड वाढू शकतो. ते क्ष-किरणाशिवाय कळत नाही.

ही वाढ थांबते कशाने? पट्टी बंद झाल्याने. आणि पट्टी बंद कोण करते? आपण म्हणू, मुलांमध्ये पुरुष-संप्रेरक आणि मुलींमध्ये स्त्री-संप्रेरक. वैद्यकातही पुष्कळ काळ हेच समजत. १९९४ साली अमेरिकेत एका २८ वर्षांच्या पुरुषाची हकिगत प्रसिद्ध झाली. त्याची उंची २०४ सेंटिमीटर, आणि तो अजून वाढत होता. त्याच्या वाढीच्या पट्ट्या उघड्या होत्या. पुरुष-संप्रेरक व्यवस्थित होते. पण जन्मजात दोषामुळे त्याच्या पेशींना इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक, ओळखताच येत नव्हते. आणि इतका उंच असूनही त्याची हाडे विरळ होती. त्या एका माणसामुळे नक्की कळले, की मुलगा असो वा मुलगी, वाढीच्या पट्टीला विरामचिन्ह देते ते इस्ट्रोजेनच. आणि पुरुषाच्या हाडालाही ते लागते.

मुलाच्या मनगटाचा क्ष-किरण फोटो कधी पाहिला आहे का? मनगटात आठ लहान हाडे असतात, पण जन्मताना फोटोत त्यांतले बहुधा एकही दिसत नाही, सगळी कूर्चा. पहिल्या वर्षात दोन ठिपके उमटतात. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास तिसरा, चौथ्याच्या सुमारास चौथा, मग सहा-सात वर्षांपर्यंत आणखी तीन. शेवटचे वाटाणी हाड नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. मुलींमध्ये हे सगळे मुलांपेक्षा आधी. म्हणून मनगटावरून वयाचा अंदाज बांधता येतो. १६ वर्षांखालच्या क्रिकेटमध्ये वय लपवणारी मुले शोधायला आपले क्रिकेट नियामक मंडळ हाच मनगटाचा फोटो वापरते.

कोर्टातही ही तपासणी होते. पण इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. हाड वयाची तारीख सांगत नाही, अदमास सांगते. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच म्हटले आहे, की या अंदाजात दोन वर्षे इकडे किंवा तिकडे धरायला हवीत. बालन्याय कायद्यात आधी शाळेचा दाखला, जन्मनोंद पाहायला सांगितली आहे, ती नसेल तरच हाडांची तपासणी. दोन वर्षांच्या त्या फरकात एखादे मूल बालगृहात जाईल की तुरुंगात, हे ठरत असते. जन्माची नोंद वेळेवर करणे हे मुलावरचे उपकार नव्हेत, त्याचा तो हक्क आहे.

याच विद्येने आपल्या मातीतलीही मुले ओळखता येतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संकालिया, ढवळीकर, अन्सारी यांनी तिथे ताम्रपाषाणयुगातली वस्ती उकरून काढली, इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० च्या दरम्यानची. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने निघाली, दोन मडक्यांची तोंडे एकमेकांना लावून आत ठेवलेली. मडक्यातले मूल किती महिन्यांचे किंवा किती वर्षांचे होते, हे दातांवरून आणि हाडांच्या लांबीवरून सांगता येते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाळांना आजही वय आहे.

आता तिसरा मुद्दा, रचना. आणि इथे मी तुम्हाला एक वस्तू दाखवतो. हा मांडीच्या हाडाचा वरचा भाग, उभा चिरलेला. देहदान केलेल्या एका बाईंचा आहे. त्यांच्यामुळे कितीतरी डॉक्टर शिकले, त्यांचे ऋण मी आधी मानतो. बाहेरून हाड गुळगुळीत, घट्ट आहे. आत मात्र बारीक पडद्यांची आणि काड्यांची जाळी दिसेल. मागे बसलेल्यांना दिसणार नाही, पण ऐका: ही जाळी वाटेल तशी नाही. खुब्याच्या गोल डोक्याच्या वरून काड्यांचा एक जुडगा सरळ खाली आतल्या बाजूला येतो. दुसरा जुडगा बाहेरच्या बाजूने कमानीने वर चढतो आणि पहिल्याला काटकोनात छेदतो.

१८६६ साली झुरिकमध्ये शरीररचनेचे प्राध्यापक हेर्मान फॉन मेयर यांनी असेच चिरलेले हाड विद्वानांच्या सभेत दाखवले. तिथे कार्ल कुलमान नावाचे इंजिनीअर बसले होते. ते त्या काळात यारीच्या वाकलेल्या खांबात दाब आणि ताण कोणत्या रेषांनी वाहतात, याची रेखाटने करत होते. हाड पाहताच ते चमकले. त्यांच्या कागदावरच्या रेषा आणि या काड्या सारख्याच वळत होत्या. (आयफेल टॉवर मांडीच्या हाडावरून बांधला असे हल्ली सर्रास सांगतात. त्याला आधार नाही. त्या मनोऱ्याचा पहिला आराखडा करणारे मोरिस केक्लॅं हे कुलमान यांचे विद्यार्थी होते, एवढे मात्र खरे.) पुढे १८९२ मध्ये बर्लिनच्या यूलियुस वोल्फ यांनी नियम मांडला: हाडावर भार जसा पडतो, तसे हाड स्वतःला घडवते.

हे कोण करते? तीन प्रकारच्या पेशी. एक जुने हाड विरघळवून खड्डा करते, ते काम दोन-तीन आठवड्यांत आटोपते. दुसऱ्या प्रकारच्या पेशी तो खड्डा भरतात, त्यांना तीन-चार महिने लागतात. पाडायला वेळ थोडा, बांधायला फार. आणि तिसऱ्या पेशी हाडातच गाडून घेतलेल्या असतात. त्यांना कितीतरी बारीक तंतू असतात, बारीक नळ्यांतून त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. चालताना हाड किंचित वाकते, त्या नळ्यांतले द्रव हलते, आणि या पेशींना कळते की इथे भार येतो आहे, इथे हाड लागणार आहे. भार नसेल तर त्या काय करतात? पाडणाऱ्यांना मोकळीक देतात. अंतराळात महिनोन्महिने राहणाऱ्यांच्या कमरेचे हाड महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. पाळी थांबलेल्या बाईचे जेवढे हाड साधारण वर्षात जाते, तेवढे तिथे महिन्याभरात! उलट, टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड निघते. शरीर एक, रक्त एक, अन्न एक, आणि दोन हातांची हाडे वेगळी.

आता मी ज्यासाठी आलो तिथे येतो. वयात येताना उंची सर्वांत वेगाने वाढते, त्या आसपासच्या अवघ्या दोन वर्षांत मोठ्या माणसाच्या हाडांतल्या एकूण क्षारांपैकी सुमारे पाव हिस्सा जमा होतो. पाव हिस्सा, दोन वर्षांत! मुलींच्या बाबतीत हा काळ बारा-तेरा वर्षांच्या आगेमागे. आता सांगा, आपल्या घरांत नेमके त्याच वयात काय होते? खेळ थांबतो. ‘आता मोठी झालीस’ म्हणतात. सायकल धाकट्या भावाकडे जाते. संध्याकाळी बाहेर नको, उन्हात नको, काळी पडशील. दूध असेल तर आधी भावाला. फिनलंडमध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांची पाहणी झाली. पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास खेळू लागलेल्यांना खेळाचा जो फायदा हाडात मिळाला, तो उशिरा सुरू करणाऱ्यांच्या दुपटीच्या घरात होता. म्हणजे ही वेळ निघून गेली की तितका लाभ पुन्हा मिळत नाही.

उन्हाचेही तेच. त्वचेवर ऊन पडले की ड जीवनसत्त्व तयार होते, आणि त्याशिवाय आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही. हचिसन आणि शाह या दोघांनी १९२२ मध्ये भारतातल्या मुडदुसावर लिहिले. चांगले खाणाऱ्या पण पडद्यात, घरात राहणाऱ्या घरांतल्या मुलांत त्यांना मुडदूस दिसला. जेमतेम खाऊन दिवसभर उन्हात असणाऱ्या गरिबांच्या मुलांत तो क्वचितच दिसला. शंभर वर्षे झाली या गोष्टीला. आणि आज इतके ऊन असलेल्या या देशात ड जीवनसत्त्वाची उणीव घरोघरी आहे. कोकणातल्या नाचणीत शंभर ग्रॅममागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. प्रौढ माणसाला दिवसाला हजार मिलिग्रॅम लागते, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषद सांगते. नाचणीची भाकरी, तीळ, दूध, उसळ, आणि दुपारच्या आत थोडे ऊन. यातले काय परवडत नाही?

आता पुन्हा हे हाड बघा. १९७० मध्ये मनमोहन सिंग नावाच्या भारतीय डॉक्टरांनी (हे माजी पंतप्रधान नव्हेत) आपल्या सहकाऱ्यांसह खुब्याच्या फोटोंचा अभ्यास प्रसिद्ध केला. हाड विरळ होत जाते तेव्हा जाळीतल्या काड्या कोणत्या क्रमाने नाहीशा होतात, याच्या त्यांनी सहा पायऱ्या केल्या. ज्यांच्यावर भार कमी, त्या काड्या आधी जातात. मग बाहेरच्या कमानीतल्या पातळ होतात, मग तुटतात. ज्यांच्यावर शरीराचे वजन थेट उतरते, तो सरळ खाली येणारा जुडगा शरीर शेवटपर्यंत राखते. आता घनता मोजायची यंत्रे आली, पण मला ही पाहणी फार महत्त्वाची वाटते. या बाईंच्या हाडात बाहेरची कमान जवळजवळ उरलेली नाही. आतला जुडगा अजून आहे. ही कमान विशी-तिशीत किती दाट होती, त्यावर ती सत्तरीत किती उरणार हे पुष्कळसे अवलंबून होते. आणि सत्तरीतही पेशींचे काम थांबलेले नसते. रोज चालणाऱ्या, जिने चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या हाडाला आपल्यावर भार येतो आहे हे अजून कळते. ऐंशीव्या वर्षी मोडलेले मनगटही जुळते.

माझा वेळ संपला आहे. हे हाड मी इथे टेबलावर ठेवतो, भिंगही आहे. ज्यांना जवळून पाहायचे असेल त्यांनी पुढे यावे, हातात घेतले तरी चालेल. फक्त दोन्ही हातांनी धरावे. मुलींना आधी पाहू द्या.